ज्वारीच्या भाकरीबाबत खुलासा
‘ज्वारीत कार्बोहायड्रेट नसतात, म्हणून भाकरी कितीही खाल्ली तरी वजन वाढत नाही’ हा परभणीत सकाळी फिरायला जाणाऱ्यांमध्ये पसरलेला संदेश चुकीचा आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके (म्हणजेच कार्बोहायड्रेट) असतात आणि कॅलरींच्या बाबतीत ती गव्हाच्या जवळपासच येते. तिच्यात ग्लुटेन (गव्हाच्या कणकेला चिकटपणा देणारे प्रथिन) नसते हे खरे, म्हणूनच पीठ गरम पाण्यात मळून भाकरी परातीत हाताने थापावी लागते. पण त्याचा वजनाशी संबंध नाही. येथील कृषी विद्यापीठ व इक्रिसॅट (आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था) यांच्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणातही जास्त आहे ते लोह आणि जस्त. आहाराचा छंद असणाऱ्यांनी भाकरीचे पीठ एकदा वजनकाट्यावर ठेवावे: आमच्या घरच्या ‘लहानशा’ भाकरीला ८० ग्रॅम लागले, म्हणजे सुमारे २७० किलोकॅलरी, आणि तेही वरचे तूप न धरता.