रुग्णाचा आजार असा उघड्यावर टाकायचा हक्क तुम्हाला दिला कोणी?

"आमच्या एवढ्याशा दवाखान्यात कोण हॅकर येतोय?" सोलापुरात दत्त चौकापासून होटगी रोडपर्यंत कुठल्याही हॉस्पिटलात डेटाच्या सुरक्षेचा विषय काढा, हेच उत्तर मिळतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, हॅकर पत्ता विचारत येत नाही. इंटरनेटवरचा एकेक आयपी पत्ता रात्रंदिवस चाचपत बसणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना सोलापूर काय नि मुंबई काय, सगळं सारखंच. ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे दुरून विंडोज संगणक चालवायचं दार, उघडं दिसलं की पासवर्ड लावून बघायला सुरुवात. ते उघडं असतं कारण डॉक्टरसाहेबांना घरी बसून दिवसाचं कलेक्शन बघायचं असतं, आणि सॉफ्टवेअरवाल्याने फोनवरच राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून, म्हणजे ते दार बाहेरच्या इंटरनेटला जोडून, दिलेलं असतं. युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्ड हॉस्पिटलचं नाव आणि पुढे १२३. घरून बघायचंच आहे ना, मग व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची कुलूपबंद वाट, लावा. पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं लॉक होईल असं सेटिंग करा. दुरून संगणक चालवायला घेतलेल्या अ‍ॅनीडेस्कला कायमचा पासवर्ड देऊन ठेवलाय, तो काढा. जाणकार माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्याला वेळ नाही, पण बाहेरच्या ग्लो साइन बोर्डाला वेळही निघतो आणि पैसाही.

आतली अवस्था तर बघवत नाही. ज्याला सर्व्हर म्हणतात त्याच संगणकावर टॅली, त्याच्यावरच यूट्यूब. विंडोज ७, ज्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. नाहीतर क्रॅक केलेलं विंडोज, जे चालू करताना अँटिव्हायरस बंद केला तो केलाच. रुग्णांच्या फाइलींचा फोल्डर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' असा, म्हणजे कुणीही उघडावा, बदलावा, पुसावा असा, शेअर केलेला. आणि वेटिंगमध्ये बसलेल्या नातेवाइकांचं वायफाय, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, सीटी स्कॅनचा कन्सोल म्हणजे मशीन चालवणारा संगणक, बिलिंग, सगळं एकाच स्विचवर, एकाच जाळ्यात! दिल्लीच्या एम्सवर २३ नोव्हेंबर २०२२ ला रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, पडलं, तेव्हा ५ सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि देशातल्या एवढ्या नावाजलेल्या सरकारी रुग्णालयाचं काम कितीतरी दिवस हाताने कागदावर चाललं. सरकारने संसदेत कारण सांगितलं ते हेच, की नेटवर्कचे कप्पे नीट केलेले नव्हते. तिथे नीट नव्हते. आपल्याकडे कप्पाच नाही.

कन्सोलवर कंपनी अपडेट टाकू देत नाही, ही तक्रार खरी आहे. पण म्हणूनच तर तो वेगळा ठेवायचा! मॅनेज्ड स्विच घ्या, व्हीलॅन पाडा, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगवेगळे कप्पे करा. स्कॅनची मशिनं फक्त पॅक्स सर्व्हरशी, जिथे स्कॅनच्या प्रतिमा साठतात, बोलतील, इंटरनेटशी नाही, एवढा नियम लावा. डायकॉम म्हणजे स्कॅनच्या प्रतिमा पाठवायची पद्धत, तिच्या १०४ किंवा ११११२ पोर्टवर बहुतेक ठिकाणी पासवर्ड विचारलाच जात नाही. ते पोर्ट बाहेर उघडं राहिलं तर एक्स-रे, सीटी, सोबत नाव, वय, तारीख, सगळं कुणालाही खेचून नेता येतं. पाहुण्यांना वायफाय द्यायचं तर राउटरमधलं गेस्ट नेटवर्क द्या. ती सोय बऱ्याच साध्या राउटरमध्येही असते, चालू तेवढी करायची.

बॅकअपचं विचारलं की ड्रॉवर उघडून नाही, सर्व्हरच्या मागे बोट दाखवतात. तिथे एक हार्ड डिस्क, बारा महिने तेरा काळ लावलेली. रॅन्समवेअर आत शिरलं की लगेच ओरडत नाही. आधी फिरून बघतं, विंडोजने स्वतः ठेवलेल्या जुन्या प्रती, शॅडो कॉपी, पुसतं, हाताला लागेल तो बॅकअप नासवतं आणि मग रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी फाइलींना कुलूप लावतं. लावलेली डिस्क त्याच्याबरोबरच जाते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर, हा नियम जुना आहे आणि छोट्या दवाखान्यालाही परवडतो. दोन डिस्क घ्या. एक आज, दुसरी उद्या. कॉपी झाली की काढायची, विंडोजमधल्या बिटलॉकरने कुलूपबंद ठेवायची, एक घरी न्यायची. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरला तर उघडायची किल्ली, कागदावर लिहून तिजोरीत. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून डेटा दुसऱ्या संगणकावर उतरवून सॉफ्टवेअर उघडून बघायचं. हे कोणीच करत नाही! मग ऐन वेळी कळतं की डेटाबेसची फाइल चालू असताना कॉपी झाली होती आणि ती उघडतच नाही.

आणि घात झाल्यावर पहिलं काम काय, तर संगणकवाल्याला बोलावून फॉरमॅट. संताप येतो. पुरावा गेला, आणि ज्या दारातून चोर आला ते तसंच उघडं. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, पण संगणक बंद करू नका. स्क्रीनचा फोटो घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं, आणि लॉग, म्हणजे संगणकावर कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पण सगळ्यात जास्त चीड येते ती रिपोर्टांची. रिसेप्शनवरच्या मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपने रिपोर्ट जातात. तिचा दोष नाही, दवाखान्याने तिला फोन दिलेला नाही. फाइली तिच्या फोनमध्ये साठतात, फोटो काढून पाठवलेले असतील तर गूगल फोटोजवर चढतात. तिने नोकरी सोडली की तिच्याबरोबर जातात. फोन नवी पेठेत दुरुस्तीला टाकला की लॉक काढून दुकानदाराच्या हातात जातात. काउंटरच्या संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब दिवसभर उघडं, डाउनलोड्समध्ये वर्षभराचे रिपोर्ट. काही लॅबच्या लिंक तर अशा की शेवटचा आकडा बदलला की पुढच्या रुग्णाचा रिपोर्ट समोर! ओटीपी मागा, लिंक ७२ तासांत बंद करा, क्रमांकाऐवजी लांब, अंदाज न येणारा कोड वापरा. सॉफ्टवेअरवाल्याला हे लेखी मागा, नाहीतर एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभालीचा, चेक देऊ नका.

मोठ्या शहरात नाव निसटलं तर कदाचित गर्दीत हरवेल. सोलापुरात आडनाव आणि पेठ कळली की घर कळतं. क्षयाचा रिपोर्ट फुटला की मुलीचं जमत आलेलं लग्न मोडतं, एचआयव्हीचा फुटला की भाड्याची खोली जाते. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयता आणि डेटाचं संरक्षण दोन्ही बंधनकारक आहे, गर्भपाताच्या कायद्यात बाईचं नाव फोडणाऱ्याला कैदेची शिक्षा आहे, २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा कायद्यात हलगर्जीला २५० कोटींपर्यंत दंड आहे. तरीही कुटुंबाच्या एकाच सामायिक मोबाइलवर, जो दिवसभर दिराच्या खिशात असतो, सुनेचा रिपोर्ट बिनदिक्कत पाठवतात. बाईने "तिकडं पाठवू नका, कागद द्या" म्हटलं तर "सगळ्यांना असंच पाठवतो" हे उत्तर. नोंदणी करताना प्रत्येक रुग्णाला विचारा, मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत, ज्याला जी येते तीत: रिपोर्ट कुठल्या नंबरवर पाठवायचा, की हातातच द्यायचा? उत्तर नोंदवा आणि तो नको म्हणाला तर पाठवू नका.