कळलावी आणि लिली: 'उगाच घाबरवता' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कळलावीची वेल माणसाला आणि लिली मांजराला घातक आहे, असं मी आधी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन आहेत. कळलावी आयुर्वेदात औषध असताना मी तिला विषारी ठरवून बदनाम केलं. आणि तुमचं मांजर पीस लिलीची पानं चावूनही ठणठणीत आहे, तेव्हा लिलीची भीती खोटी.

आधी मांजराचं. पीस लिली ही खरी लिली नाहीच. तिच्या पानांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंडाची आग होते, लाळ गळते आणि मांजर बहुधा स्वतःच थांबतं. मी लिहिलं होतं ते पुष्पगुच्छातल्या एशियाटिक, ओरिएंटल लिलीबद्दल आणि बागेतल्या डे लिलीबद्दल. त्यांचे अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजराची मूत्रपिंडं १ ते ३ दिवसांत निकामी होऊ शकतात. उलटीची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. सलाइन लवकर सुरू झालं तरच वाचण्याची आशा चांगली.

आता कळलावी. आयुर्वेदात ती आहे, पण लांगली या नावाने उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांच्या गटात; कंद वापरायचा तो गोमूत्रात शोधन करून, म्हणजे त्याचा विषारीपणा कमी करून. ज्या शास्त्राचा दाखला तुम्ही देता, तेच तिला विषात मोजतं. कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असतं. उकडल्याने ते जात नाही, त्यामुळे रताळं समजून शिजवलेला कंदही घातकच. पावसाळ्यानंतर वेल वाळते, लाल-पिवळी फुलं आणि टोकाला तणाव्यासारखी वळलेली पानं नाहीशी होतात, मातीत उरतो नुसता कंद. घोटाळा तेव्हा होतो.

खाल्ल्यावर पहिले काही तास माणूस बरा दिसतो आणि घरचे निर्धास्त होतात. साधारण २ ते १२ तासांत उलट्या-जुलाब लागतात. ते थांबले म्हणून सुटलो असं समजू नका: हृदय, मूत्रपिंडं, रक्तपेशी यांवरचा घाला पुढच्या काही दिवसांत पडतो, आणि सहज मिळेल असा उतारा नाही. मीठपाणी पाजून उलटी काढू नका. उरलेला कंद सोबत घेऊन थेट अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठा आणि 'कोल्चिसीन' हा शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लहान मुलं किंवा गुरं असतील तर अंगणातली कळलावी काढाच. हातमोजे घालून बाजूची माती खोलवर सैल करा. कंद ठिसूळ, बहुधा दोन फाट्यांचा असतो. फाट्याच्या टोकाला डोळा (कोंब फुटतो ती जागा) असतो, तो तुटून मातीत राहिला की पुढच्या पावसात वेल पुन्हा वर येते. काढलेले कंद गोठ्याजवळ टाकू नका. रानातली मात्र उपटू नका. औषधासाठी खणून खणून ती तिथे आधीच कमी झाली आहे.