ससे भाजी खातात? जाळीची उंची नंतर, आधी तळ बघा

पुणे-नगर पट्ट्यात माळरानावर प्लॉट पडले, फार्महाऊस झाली, आणि "रात्रीत मेथीचा वाफा साफ" ही तक्रार दर उन्हाळ्यात सुरू होते. साहजिकच आहे. फेब्रुवारीनंतर माळ वाळतो, रब्बीची रानं मोकळी होतात आणि आसपास हिरवं उरतं ते तुमच्या ठिबकवरच्या वाफ्यांत. ससा तिथे आधीपासून आहे, कुंपण आपण नंतर घातलं.

आधी खात्री करा. सशाने खाल्लेला शेंडा सुरीने कापल्यासारखा तिरपा, स्वच्छ तुटलेला असतो. शेळीने ओढून तोडलेल्या देठाच्या कडा चिंधडतात. जवळ गोल, कोरड्या लेंड्या असतील तर एक फोडून बघा, आत नुसतं गवताचं भुस्कट निघतं. शेळीची लेंडी लांबट आणि गुळगुळीत असते.

आता जाळी. पूर्ण प्लॉटला घालायच्या भानगडीत पडू नका. चौरस 5 गुंठ्यांचा घेर जवळजवळ 300 फूट होतो, 20 बाय 15 च्या भाजीच्या तुकड्याचा फक्त 70 फूट. एक इंची भोकांची, 4 फूट रुंद कोंबडीजाळी घ्या. 3 फूट उभी ठेवा आणि खालचा 1 फूट काटकोनात बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरा. या पट्टीवर दगड ठेवा किंवा जाड तारेचे यू आकाराचे खिळे ठोका आणि वर माती ओढा. आपला ससा बीळ करून राहत नाही, पण सैल जाळीखालून नाक घालून रेटतो. पट्टी बाहेर असली की तो तिच्यावरच उभा राहतो आणि जाळी उचलली जात नाही. आत वळवलीत तर सगळी मेहनत वाया. खांब 6-6 फुटांवर, बांबूचे असतील तर गाडायचं टोक डांबरात बुडवून.

चेनलिंक आहे म्हणून निर्धास्त राहू नका, 3 इंची भोकातून पिल्लू आरामात जातं. तिलाच खालून ही जाळी बाइंडिंग वायरने बांधा.

बहुतेक ठिकाणी घात होतो तो फाटकाखाली. तिथे शहाबादी फरशी बसवून फट एक इंचाच्या आत आणा.

नायलॉनची जाळी मात्र नकोच. ससा ती कातरतो, आणि धामण अडकून मरते ते वेगळंच. मिरची-लसणाचा फवारा पाऊस किंवा तुषार सिंचन झालं की धुऊन जातो, नवीन फुटव्यावर तर नसतोच. डांबरगोळ्या खाण्याच्या भाजीच्या मातीत टाकणं मला अजिबात पटत नाही.

उन्हाळ्यात ससे कोवळ्या रोपांची सालही सोलतात. पूर्ण घेराने साल गेली की रोप वाळतं. प्रत्येक रोपाभोवती 2 फूट उंच जाळीचा गोल करा, खोडापासून चार-पाच इंच लांब.

फासे, विष, तारेत करंट, यातलं काही करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ससा संरक्षित आहे आणि करंटने माणसं मरतात.

ससा आत अडकला तर मागे धावू नका, घाबरून जाळीवर आदळतो. संध्याकाळी फाटक उघडं ठेवा आणि घरात जा. गवतात एकटं पिल्लू दिसलं तर उचलू नका. ते डोळे उघडे आणि अंगावर लव घेऊनच जन्मतं, आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते. त्या कोपऱ्यातलं गवत काही आठवडे कापू नका आणि कुत्रा बांधून ठेवा.