सिबिल बिघडवून घेण्याचे खात्रीशीर उपाय

आपला सिबिल अहवाल, म्हणजे आपण कर्जे आणि कार्डाची बिले कशी फेडली याचा लेखाजोखा, चुकूनही वेळेवर पाहू नये. असे अहवाल ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २०१७ पासून लागू आहे. परंतु फुकटच्या वस्तूचा मोह आपल्यासारख्यांना शोभत नाही. थेट गृहकर्जाचा अर्ज करावा आणि साहेबांनी संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला म्हणजे आपली पत प्रथमच पाहावी.

खात्यात किमान शिल्लक किती लागते, हे विचारण्याची घाई करू नये. दंड कापला गेला की आपोआप कळते.

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘किमान देय रक्कम’ मोठ्या प्रेमाने छापलेली असते, तेवढीच भरावी. उरलेल्या रकमेवर अनेक बँका महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, पण बँकेशी ऋणानुबंध टिकतो.

कार्ड बंद केले म्हणजे ते बंद झाले, असे तर मुळीच समजू नये. मी सगळी बाकी चुकती करून कार्ड बंद करवले आणि बँकेचे तसे ईमेलही आले. पुढे त्याच बंद कार्डावर ५०० रुपये वार्षिक शुल्क व ९० रुपये जीएसटी लागला. ते न भरल्याचा दंड, दंडावर जीएसटी आणि या सगळ्यावर व्याज असा वंशविस्तार होत गेला, आणि अहवालातल्या महिन्यांच्या चौकटींत शून्यांच्या रांगेपुढे ३०, ६०, ९० असे थकीत दिवस उमटले. कस्टमर केअरला फोन लावावा, तर कार्डाचा क्रमांक दाबल्यावर असे कार्डच नाही म्हणून सांगतात. म्हणजे तक्रारीपुरते कार्ड मेलेले आणि वसुलीपुरते ठणठणीत! शाखेत गेल्यावर ‘कार्ड विभाग वेगळा, आमच्या हातात काही नाही’ हे ऐकावे. वसुलीवाला मात्र दिलदार असतो, तो निम्म्या रकमेत ‘सेटलमेंट’ करून देतो. ते अवश्य स्वीकारावे, म्हणजे न घेतलेल्या कर्जापोटी ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले) हा शेरा अहवालात वर्षानुवर्षे मिरवता येतो.

अहो बँकवाले, कार्ड बंद झाल्याचे ईमेल तुमचेच आहे ना? बाकी नसलेले कार्ड अर्ज केल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांत बंद झाले नाही, तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, आणि पतमाहितीची तक्रार ३० दिवसांत मिटली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, हे रिझर्व्ह बँकेचे नियम तुमच्या काउंटरवरच्या एकालाही ठाऊक नसावेत? आमचा हप्ता एक दिवस चुकला की तुमच्या सिस्टीमला तत्काळ कळते, आणि तुमची चूक दाखवली की तीच सिस्टीम डाऊन होते. लाज वाटू द्या. ती नोंद काढून टाका, तसे लेखी कळवा, आणि दिवसांच्या हिशेबाने होणारी भरपाई न मागता खात्यात जमा करा.