जिद्द आहे हो, शब्द नाहीत

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय: ‘आजच्या मुलांना जिद्दच नाही. मनापासून ठरवलं तर इंग्रजी वाचलेलं कळतंच. आम्ही नाही का डिक्शनरी घेऊन शिकलो?’ मी मुंबईतल्या एका कॉलेजात एफ.वाय.ला इंग्रजी शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

जिद्द नाही म्हणे! सातच्या लेक्चरसाठी बदलापूरहून पाचची लोकल पकडणारी, दुपारी कामाला जाणारी पोरं आहेत ही. मेसेज लिहिणाऱ्याने एकदा ती लोकल पकडून दाखवावी.

‘ठरवलं तर कळतंच’ यात खरा घोळ आहे. हू आणि नेशन या भाषासंशोधकांनी २००० साली एका गोष्टीतले काही शब्द काढून तिथे निरर्थक शब्द घातले आणि ती इंग्रजी शिकणाऱ्यांना वाचायला दिली. ज्यांच्या वाट्याला ८० टक्केच ओळखीचे शब्द आले, त्यांच्यातल्या एकालाही गोष्ट पुरेशी कळली नाही. मदतीशिवाय वाचायला ९८ टक्क्यांच्या आसपास लागतात, म्हणजे पन्नासात अनोळखी फक्त एक. इथे ओळीत दोनदा डिक्शनरी उघडावी लागते. तोवर वाक्याची सुरुवात विसरलेली असते.

आणि ओळखीचा शब्दही फसवतो. उताऱ्यात ‘द कोर्ट हेल्ड’ असं होतं, म्हणजे कोर्टाने निर्णय दिला. वर्गातल्या सर्वांत मेहनती मुलीने लिहिलं, ‘कोर्टाने धरलं’. अर्थ तिने बरोबर पाठ केला होता, पण कोर्टाचं इंग्रजी आयुष्यात कधी वाचलंच नव्हतं. उलट मागच्या बाकावरचा एक जण (शिवाजी पार्कात वाढलेला) क्रिकेटच्या उताऱ्यातल्या ‘सिली पॉइंट’ला अडखळतसुद्धा नाही. रेख्ट आणि लेस्ली या संशोधकांनाही १९८८ साली अमेरिकेत हेच दिसलं: बेसबॉलचा उतारा वाचनात कच्च्या पण खेळ जाणणाऱ्या मुलांना जास्त कळला, वाचनात पक्की पण खेळाचा गंध नसलेली मुलं मागे पडली.

‘आम्ही शिकलोच की’ याचं काय बोलणार? जे शिकू शकले नाहीत, ते त्या ग्रुपवर नाहीत.

आवडीने वाचणारा जास्त वाचतो आणि त्याचे शब्द वाढतात, हे मलाही मान्य. पण त्याला वर्षं लागतात, आणि सुरुवातीला झेपेल असं काहीतरी हातात असावं लागतं. मागे मी निबंध बाजूला ठेवून रविवारच्या मेगाब्लॉकची इंग्रजी बातमी वाटली. ‘कोर्टाने धरलं’वाली माझ्याशीच भांडली: ‘सर, ब्लॉक फास्ट लाइनवर आहे. स्लो गाड्या बंद नाहीत. नीट वाचा ना!’