इंग्रजी सुधारायचं असेल तर आधी पोरांची वऱ्हाडी ऐका

"खेड्यातल्या पोरांचं इंग्रजी कच्चं" हे वाक्य ऐकून कान किटले. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात अभ्यासिकेत इंग्रजी शिकवतो. माझं मत साफ आहे: पोरं वाट्टेल तिथे चुकत नाहीत, ठरलेल्या जागीच चुकतात. आणि त्या जागी त्यांच्या घरच्या बोलीचं पक्कं व्याकरण असतं. आपण मात्र वहीत लाल गोल मारून मोकळे होतो.

'ही डिड नॉट वेन्ट' घ्या. आपण 'तो गेला नाही' म्हणतो. 'नाही' आलं तरी 'गेला' भूतकाळातच राहतं, पोरगं तेच इंग्रजीत नेतं. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड' उचलतं, मागचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'ही डिड नॉट गो'. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहिली की पोरंच सांगतात, "सर, भूतकाळ दोनदा झाला." मग 'डिड यू सॉ'ची चूक वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरी जागा तर खास आपली. 'मी जेवून राहिलो' (म्हणजे 'मी जेवतोय'), 'तो काय करून राहिला' असं आपण दिवसभर बोलतो. त्याला 'आयएनजी' लावलं तर बरोबरच येतं. पण आपण 'मले समजून नाही राहिलं' असंही म्हणतो, आणि तिथून 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' निघतं. नो (know, माहीत असणे), अंडरस्टँड, वॉन्ट, बिलीव्ह यांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. हे वऱ्हाडी वाक्य समोर ठेवून सांगा, नुसती यादी पाठ करून घेऊ नका.

आता ज्या बोलीला आपण अशुद्ध म्हणून हिणवतो तिचा फायदा बघा. आपलं पोरगं 'मी जातो' म्हणते, पण 'तो जाते, ती जाते'. पुण्याकडे तो 'जातो' आणि ती 'जाते'. आपल्याकडे दोघांना रूप एकच, आणि ते 'मी'पेक्षा वेगळं. इंग्रजीतही तसंच आहे: 'आय गो', पण 'ही गोज, शी गोज'. 'तो जाते' म्हटल्यावर ज्या पोराला शाळेत हसतात, त्याच्या तोंडात हा नियम आधीच आहे! हे कळल्यावर पोरं ताठ बसतात, मला त्याचं फार मोल वाटतं.

'पासून'चा घोळ सोपा आहे. '2019 पासून' आणि 'पाच वर्षांपासून', आपल्याला शब्द एकच. इंग्रजीत सुरुवात सांगितली तर 'सिन्स', मुदत सांगितली तर 'फॉर'.

राज्यात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. 2023 च्या तलाठी भरतीत 200 पैकी 50 गुण इंग्रजीचे होते. म्हणजे ही नोकरीची गोष्ट आहे, आणि वऱ्हाडी बंद करून ती साधणार नाही.

अ, ॲन, द यांना मात्र मराठीत जोडीदार नाही. 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' उच्चारावरून समजतं, पण 'द' वाचूनच मुरतं. भरती जवळ असेल तर आधी वरच्या चार जागा पक्क्या करा. 'द'साठी रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचा, प्रत्येक 'द'खाली पेन्सिलीनं रेघ मारत.