लोफोटेनला जायचंच असेल तर मार्चमध्ये जा

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरचा एक लेख वाचला, त्यात तिथल्या समुद्राकाठच्या नव्या काचेच्या केबिन्सचं वर्णन मस्त आहे, पण ज्यांच्यावरून त्या सुचल्या त्या लाल रोरबूंवर, म्हणजे मच्छीमारांच्या लाकडी खोपटांवर, दोनच ओळी, हे खटकलं. बाहेरून येणाऱ्या मच्छीमारांना थंडीत डोक्यावर छप्पर हवं म्हणून नॉर्वेच्या राजा ऑयस्टाइनने ११२० च्या सुमारास पहिले रोरबू बांधून घेतले, अर्धे खडकावर अर्धे खांबांवर पाण्यात, म्हणजे होडी थेट दाराशी लागते. आम्ही राइने गावाजवळ अशाच एका दुरुस्त केलेल्या रोरबूत राहिलो, आत हीटर, वायफाय, सगळं होतं. सगळे मिडनाइट सनसाठी, म्हणजे मध्यरात्रीही न मावळणारा सूर्य बघायला, जूनमध्ये जातात, मी म्हणेन मार्चमध्ये जा, जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथे येतो आणि गावभर लाकडी मांडवांवर मासे टांगलेले असतात, मीठ अजिबात नाही, आपल्या वेसाव्याच्या बोंबलांसारखे नुसत्या वाऱ्यावर वाळतात! आर्क्टिक सर्कलच्या वर असूनही गरम प्रवाहामुळे समुद्र गोठत नाही, फक्त वारा बेकार असतो. मुख्य भूमीवरच्या बोडोवरून बेटांवरच्या मोस्केनेसला जाणारी फेरीबोट घ्या, समोरून डोंगरांची भिंत जवळ येताना बघायलाच हवी. आणि प्लीज, मासे वाळत असतात तिथे ड्रोन उडवू नका, लोकांचं पोट आहे त्यावर.